शेवटच्या नळाचं पाणी

गौस नदाफने चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, काडी ओढली आणि ती निळसर ज्योत नळाच्या तोंडाभोवती सावकाश फिरवली. ओली तोटी चरचरली. मग त्याने नळ सोडला, दोन मिनिटं पाणी नुसतंच गटारात जाऊ दिलं आणि बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू न देता बाटली खुणेपर्यंत भरली.

"एवढं सगळं दर वेळी करता?" कालिंदीने विचारलं.

"मग? न्हाय केलं तर तोटीची घाण पाण्याच्या नावावर जाती की, मॅडम."

कालिंदी सबनीस कोल्हापूरच्या एका लेखापरीक्षण कार्यालयात चोवीस वर्षं काढलेली बाई. सरकारी खात्यांनी पैसा कुठे घातला हे बघणारे तिथे पुष्कळ होते. तिच्याकडे अलीकडे वेगळंच काम आलं होतं. खातं आपलं काम मोजतं कसं आणि तो आकडा वर कळवतं कसा, हे तपासायचं. या खेपेला विषय पिण्याच्या पाण्याचा होता. शिरोळ तालुक्यातली अकरा गावं, सगळी नदीकाठची, सगळ्यांचं पाणी त्याच कृष्णेचं, टाक्याही एकाच साच्यातल्या. त्यांपैकी दहा गावांत वर्षभरात एकही नमुना दूषित निघाला नव्हता. अकराव्या तळेवाडीत मात्र शंभरातले एकतीस. तळेवाडीच्याच पाण्याने कुणाचं घोडं मारलं होतं, हे बघायला ती आणि तिच्या हाताखालचा मोहित कुरुंदवाडवरून एसटीने आले होते.

गौस हा गावाचा जलसुरक्षक. पाण्यात औषध घालायचं, महिन्यातून दोनदा नमुने घ्यायचे आणि निकाल तालुक्याला कळवायचा, हे त्याचं काम. पन्नाशी उलटलेला, बुटका, बोलणं खणखणीत. त्याने गल्लीच्या टोकाला उभं राहून हात लांब केला.

"ती बघा टाकी. टाकीखाली एक नळ हाय. तिथलं पाणी कवाबी घ्या, काचंवानी. औषध ताजं असतंय न्हवं! हितं यिस्तवर पाईप चार जागी गटारातनं येतोय. पाणी बंद झालं की गटारीचं आत वडून घेतंय. म्हणून मी शेवटचा नळ चुकवत न्हाय. ह्या बाटलीत तपासायची पावडर असती. पाणी दोन दिवसांत काळं पडलं, की समजायचं, घाण हाय."

"इतर गावांतले जलसुरक्षक कुठून घेतात?"

गौस हसला. मग खिशातून एक शाळकरी वही काढून त्याने तिच्या हातात दिली. तारीख, घर, बाटली काळी की पांढरी. चार वर्षांची नोंद, बारीक, तिरप्या अक्षरात. काळ्या बाटल्यांपुढे कुठे कुठे लिहिलं होतं : 'बनाबाईच्या घरी जुलाब', 'मदरशातली तीन पोरं, कावीळ'. सरकारी नोंदवहीत एवढं लिहायला रकानाच नव्हता, म्हणून त्याने स्वतःची वही केली होती.

कालिंदी ती वही उभ्या उभ्या वाचत राहिली. चोवीस वर्षांत तिने हजारो नोंदवह्या चाळल्या असतील, पण वाचावीशी वाटलेली ही पहिली.

"याची झेरॉक्स मिळेल मला?"

गौसचा चेहरा जरा आखडला. "द्यायला काय... पर माझं नाव येणार का त्यात? सरपंच आधीच कातावल्यात. तालुक्याच्या बैठकीत दर खेपेला आपल्याच गावाला लाल कार्ड मिळतंय म्हणून."

"नाव येणार नाही. शब्द देते."

"मग न्या."

कोल्हापूरला परतल्यावर ती झपाट्याने लिहायला बसली. दहा गावांच्या नोंदवह्या टेबलावर होत्याच. एका गावाच्या वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. दुसऱ्या गावात पूर आला त्या आठवड्यात, गाव पाण्याखाली असताना, पाच नमुने घेतलेले आणि पाचही शुद्ध. हसावं की रडावं कळेना.

मोहितने मसुदा वाचला.

"मॅडम, या दहा गावांतले शेवटचे नळ आपणही बघून येऊ या का? चार दिवसांचं काम आहे."

"चार दिवस आहेत कुठे? मार्चअखेर मसुदा जायचाय. आणि गरज काय? वह्या बोलतच आहेत. समोर तळेवाडीचा पुरावा ठेवला की झालं."

"तळेवाडी हे नाव ठेवायचं?"

"गावाचं नाव नसेल तर तो पुरावा कसला? माणसाचं नाव काढ."

मोहितने माणसाचं नाव काढलं. 'तळेवाडी येथील नोंदी विश्वासार्ह असून तेथील दूषित नमुन्यांचे प्रमाण ३१ टक्के आहे. उर्वरित दहा गावांनी कळवलेल्या शून्य टक्के आकड्यांबाबत साशंकता आहे.' वाक्य कालिंदीला फार आवडलं. त्यात कुणाचं नाव नव्हतं आणि खरं ते सगळं होतं. त्या दिवशी तिने मंगळवार पेठेतल्या घरी जाताना वाटेत आठवणीने खाजा घेतला.

त्यानंतर सव्वा वर्षाने खात्याचं उत्तर आलं. अहवालातल्या प्रत्येक मुद्द्यावर काय केलं ते खात्याने कळवायचं आणि लेखापरीक्षकाने पडताळून तो मुद्दा निकाली काढायचा, अशी पद्धत असते. दहा गावांबद्दलचं उत्तर छोटं होतं : 'साशंकतेस पुरावा नाही.' तळेवाडीबद्दलचं जरा मोठं : 'सदर गावातील जलसुरक्षक बदलण्यात आले असून दूषित नमुन्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून शून्यावर आणण्यात यश आले आहे. मुद्दा निकाली काढण्यात यावा.'

कालिंदीने ते तीनदा वाचलं. गावात जलसुरक्षक असतो एकच. गावाचं नाव लिहिलं तेव्हाच तिने त्याचंही नाव लिहिलं होतं, आणि वर शब्द पाळल्याचा खाजा खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच तळेवाडीला गेली. नवा जलसुरक्षक राजवीर, सरपंच जोतीराम यांचा पुतण्या, बोलायला नम्र आणि कामात चटपटीत. तिच्यादेखत त्याने पाच बाटल्या भरल्या. पाचही टाकीखालच्या नळावर. मग मोबाईलवर गल्ल्यांची नावं एकामागून एक निवडत गेला.

"शेवटच्या गल्लीतला नमुना?"

"तो ह्योच की, मॅडम. पाणी सगळं ह्याच टाकीचं."

"कागदावर सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा नळ असं आहे ना?"

"कागदावर हायच की," राजवीर म्हणाला. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्याला असंच शिकवलं होतं आणि त्याने ते नीट शिकून घेतलं होतं.

गौसचं घर शेवटच्या गल्लीतच होतं. पडवीत तो गादी शिवत होता. लांब सुई आरपार घालून दोरा ओढायचा, गाठ मारायची, पुढे सरकायचं. कालिंदीला बघून तो उठला, हातातलं खाली ठेवलं.

"या मॅडम, या. शमशाद, कोल्हापूरच्या मॅडम आल्यात बघ. च्या टाक."

कालिंदी बसली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं उंबऱ्यापाशीच राहिली.

"गौसभाई, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकतंय? सरपंचांनी ग्रामसभेत तुमचा कागुद वाचून दाखवला. सगळा ऐकला मी. माझं नाव कुठं बी न्हवतं. तुम्ही शबुद पाळला."

तो हे टोचून बोलत नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"गावाचं नाव घालायला नको होतं."

"ते बी बरोबरच हाय. खोटं न्हवतं की त्यात." गौसने सुईत दोरा ओवायला घेतला, मग थांबला. "एक इचारू? बाकीच्या धा गावांत शेवटचा नळ कसा निघाला?"

कालिंदीने मान खाली घातली.

"तिथे आम्ही गेलो नाही. वेळ नव्हता. वह्याच बघितल्या."

"व्हय?" गौस म्हणाला. त्याने सुई गादीत खोचून ठेवली. "मला वाटलं, तुम्ही समदीकडं बघितलं आसंल. धा गावं बी काळी निघाली असती, तर तळेवाडीला कुणी इचारलं असतं? अकरात एक आमचंच गाव उघडं पडलं. असू दे. तुमच्याबी मागं कामं असतील."

बाहेर गल्लीत नळावर घागर ठेवल्याचा आवाज आला. त्याची बायको शमशाद चहा घेऊन आली. तिच्या मागून सात-आठ वर्षांची एक मुलगी डोकावली, चेहरा पिवळट.

"आमची इरम. दोनदा कावीळ झाली हिला," शमशाद म्हणाली. "आता आम्ही उकळून पितोय. च्या घ्या, उकळलेल्या पाण्याचाच हाय."

कालिंदीने कप घेतला. "हे मी पुन्हा लिहिते. मुद्दा निकाली काढत नाही. नमुने टाकीखाली घेतात, हे आज माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फक्त शेवटच्या नळाचं पाणी कसं आहे, हे सांगणारं कुणीतरी हवं. तुमची जुनी वही आणि तुमचा जबाब, एवढं पुरेल."

"नगा."

"गौसभाई, अहो या मुलीकडे बघा."

"हिच्याकडं बघूनच म्हणतोय." गौसचा आवाज एकदम चढला, मग त्यानेच तो खाली आणला. "सून माझी, तमन्ना, हिची आई. अंगणवाडीत मदतनीसाच्या यादीत पयला नंबर लागलाय तिचा. पंचायतीचा रहिवासी दाखला पायजे. सरपंच दोन महिनं झालं सही करंनात. आमच्या चार पिढ्या हितं मातीत गेल्या आणि आम्ही हितलं रहिवासी हाय का, ते बघतो म्हणत्यात. आता परत तुमचा कागुद आला, तर दाखला कायमचा गेला. काढा तुमचं ते निकाली."

कालिंदी निघाली तेव्हा शमशाद वळणापर्यंत सोडायला आली.

"रागानं बोलल्यात, मनावर घेऊ नगा," ती म्हणाली. "काम गेलं तवा रडलं न्हाईत. पर गल्लीत कुणाचं पोर आजारी पडलं की दोन दिस जेवत न्हाईत. माझ्याकडनं राहिलं, म्हणत्यात. आता सांगायची बी चोरी झाली. उकळून प्या म्हटलं की लोक म्हणत्यात, ह्याचं काम गेलं म्हणून गावाची बदनामी करतोय."

पडताळणीचा कागद तीन दिवस कालिंदीच्या टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी तिचे वरिष्ठ नृसिंह कुंभोजकर यांनी तिला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याची फाईल अडवून ठेवणं त्यांना आवडत नसे, एवढंच.

"तळेवाडीचं का अडलंय?"

"साहेब, तो शून्य खोटा आहे. सगळे नमुने टाकीखालून घेतात. मी बघितलं."

"त्यांच्या ॲपवर पाच गल्ल्या आहेत. शेवटच्या नळाचं पाणी खराब आहे, याला पुरावा?"

"जुना जलसुरक्षक आहे, पण जबाब द्यायला तयार नाही. मी स्वतः बाटली भरून आणते."

"अहो, त्यांनी मोजलेलं आपण तपासायचं. आपणच मोजायला लागलो तर आपल्याला तपासणार कोण?" कुंभोजकर हसले, मग जरा पुढे झुकले. "सबनीसबाई, आपल्यालाही वर हिशोब द्यावा लागतो. वर्षभरात किती मुद्दे निकाली निघाले, हा आकडा आपलाही जातो. यंदा बावीस टक्के. तोंड दाखवायला जागा नाही. आणि हा मुद्दा तर सोन्यासारखा आहे. आपण आक्षेप घेतला आणि एकतीसचे शून्य झाले! वार्षिक अहवालात 'लेखापरीक्षणाचा परिणाम' असं प्रकरण असतं, त्यात पहिलं हेच घालू. अर्धं पान लिहून द्या. गावाचं नाव टाका, ठोस वाटतं."

कालिंदी जागेवर येऊन बसली. मागच्या वेळी तिने नाव घालण्याआधी कुणाला विचारलं नव्हतं. या वेळी तिने गौसला फोन लावला आणि साहेब काय म्हणाले, ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे गावाचं चांगलं येणार पुस्तकात?" गौसने विचारलं.

"हो. पण ते खरं नाही, गौसभाई. तुम्हाला माहीत आहे."

"मला ठावं हाय, तुम्हाला ठावं हाय." मग तोच म्हणाला, "लिव्हा. पुस्तक आलं की मी सोता सरपंचांकडं घिऊन जातो. म्हणतो, बघा, आपल्या गावाचं नाव कोल्हापुरातनं छापून आलंय. खूश झालं की दाखल्यावर सही करतील. मागच्या कागदानं घेतलं, ह्यो कागुद दील."

"लिहू मग?"

"लिव्हा की. पर मॅडम..." त्याचा आवाज खाली आला. "पाणी उकळून प्या, एवढं त्यात कुठं तरी घालता येतंय का बघा. तुमच्या पुस्तकात छापून आलं तर लोक ऐकतील. माझं आता कोण ऐकतंय?"

अर्धं पान तिने एका बैठकीत लिहिलं. खोटं लिहायला इतका कमी वेळ लागतो, याचं तिला वाईट वाटलं. 'तळेवाडी या गावात लेखापरीक्षणानंतर झालेल्या प्रभावी उपाययोजनांमुळे...' शब्द आपोआप येत गेले. पंचवीस वर्षं तेच शब्द दुसऱ्यांच्या कागदांत वाचत आली होती ती. शेवटी नवा परिच्छेद करून तिने लिहिलं : 'तथापि, शेवटच्या गल्लीतील नागरिकांनी पिण्याचे पाणी उकळून प्यावे.' मुद्दा निकाली काढल्याच्या कागदावर सही केली आणि तो कागद व हे पान साहेबांकडे पाठवलं.

संध्याकाळी पान परत आलं. मजकूर मंजूर होता. फक्त शेवटच्या ओळीखाली हिरव्या शाईत रेघ आणि समासात कुंभोजकरांचं नेटकं अक्षर : 'दूषित नमुने शून्य असताना ही सूचना कशासाठी?'

प्रश्न रास्त होता. लेखापरीक्षकाने विचारायला हवा तसाच होता, आणि त्याचं एकच उत्तर होतं. ते लिहिलं की दाखला जाणार होता.

मोहित बॅग भरत होता. त्याने तिच्याकडे बघितलं, टेबलावरच्या पानाकडे बघितलं आणि पुन्हा खुर्चीत बसला.

कालिंदीने पट्टी घेतली. दप्तराचा नियम आहे : खोडायचं ते एकाच सरळ रेघेने, खालचं वाचता येईल असं, आणि शेजारी खोडणाऱ्याची सही. गिरवून काळं करायचं नाही, उद्या कुणी तपासायला आलं तर काय खोडलं ते त्याला दिसलं पाहिजे. तिने एकच सरळ रेघ ओढली, शेजारी सही केली, तारीख घातली. शाई वाळेपर्यंत ते पान तिने तसंच समोर धरलं. रेघेखालचं वाक्य अगदी स्वच्छ वाचता येत होतं.